उपसंपादकाचे दफ्तर

वृत्तपत्राच्या कचेरीत नव्याने रुजू झालेल्या उपसंपादकास पहिल्या दिवशी एक खुर्ची मिळते, जिचा एक पाय उरलेल्या तिघांशी सहमत नसतो. एक संगणक मिळतो, ज्याच्या कळफलकावरील निम्मी अक्षरे पूर्वसूरींच्या बोटांनी पुसून गेलेली असतात. आणि तालुक्याच्या ठिकाणांहून आलेल्या मजकुराचा एक ढीग मिळतो, ज्यातून रात्री साडेनऊच्या आत त्याला एक सबंध पान उभे करावयाचे असते. मिळत नाही ते एकच, आणि ते म्हणजे कोणता शब्द या कचेरीत कसा लिहितात, कोणाच्या नावामागे 'श्री.' लावतात व कोणाच्या मागे लावीत नाहीत, सभा 'होते' की 'पार पडते', हे सांगणारे पुस्तक. त्याची चौकशी केल्यास ज्येष्ठ सहकारी अशा काही वात्सल्याने हसतात, की विचारणाराच शरमिंदा होऊन ढिगाकडे वळतो.

विलायतेत ही सोय फार पूर्वीपासून आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याचे प्रमुख होरेस हार्ट यांनी १८९३ साली आपल्या पदरच्या जुळाऱ्यांसाठी २४ पानांची एक नियमपुस्तिका छापली. ती बाहेर विकण्याचा त्यांचा मुळीच इरादा नव्हता. परंतु नियमांची भूक मनुष्यास किती अनावर असते याचा त्यांस अंदाज आला नव्हता, आणि १९०४ साली ती पुस्तिका रीतसर विक्रीस काढावी लागली. अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाने १९०६ साली असेच एक पुस्तक काढले. ते आवृत्तीगणिक अंग धरीत गेले आणि आता हजार पानांच्या पलीकडे पोहोचले आहे. स्वल्पविराम कोठे द्यावा याविषयी हजार पाने लिहिता येतात ही गोष्ट ज्या समाजास विनोदी वाटत नाही, त्या समाजातील उपसंपादक सुखी असावेत असा माझा तर्क आहे.

आमच्याकडे असे पुस्तकच नसते असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. ते असते, फक्त ते छापलेले नसते. त्यास मुख्य उपसंपादक असे म्हणतात. त्याची अनुक्रमणिका त्याच्या डोक्यात असते, पुरवण्या त्याच्या स्वभावात असतात, आणि तो दुपारी चार वाजता येऊन रात्री दोनपर्यंत पाहावयास मिळतो. या पद्धतीचा मोठा गुण असा, की प्रश्न पुरा होण्याच्या आत उत्तर हजर होते. दोष इतकाच, की हे महाशय रजेवर गेले म्हणजे शैलीही रजेवर जाते. मग आठवडाभर 'रुग्णालया'ची 'हॉस्पिटले' होतात, 'गुन्हा दाखल'च्या जागी 'केस झाली' येते, आणि ते परत आल्यावर सगळ्या रोग्यांस पुन्हा रुग्णालयात हलविण्यात येते.

त्यांच्या जोडीस भिंतीवरची फर्माने असतात. वृत्तसंपादकांची स्वाक्षरी असलेले, चिकटपट्टीने डकविलेले आणि कडेने पिवळे पडलेले हे हुकूम ज्याने बारकाईने वाचले आहेत, त्यास कचेरीचा सगळा इतिहास दुसरे दफ्तर न उघडता कळतो. एका कचेरीत 'संपन्न झाला' हा शब्दप्रयोग यापुढे कोणत्याही समारंभास लावू नये, लावल्यास कारणे द्यावी लागतील, असा हुकूम निघाला होता. भाषेच्या दृष्टीने तो अत्यंत योग्य होता आणि अकरा दिवस त्याची अंमलबजावणीही चोख झाली. बाराव्या दिवशी मालकांच्या भाच्याचा विवाह झाला आणि त्याची बातमी वरूनच लिहून आली. तो विवाह संपन्नच झाला. हुकूम रद्द झाल्याचे कोणी लिहून दिले नाही. परंतु त्यानंतर तो कागद भिंतीवर राहूनही कोणाच्या दृष्टीस पडेनासा झाला, आणि जिल्ह्यातील सर्व समारंभ पूर्ववत् संपन्न होऊ लागले.

लिखित नियमांचा मामला याहून गंभीर आहे. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनविषयक नियम १९६२ साली राज्यशासनाने मान्य केले तेव्हा ते १४ होते. १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडून ते १८ झाले. इतक्या थोड्या जागेत एक सबंध भाषा बसविणाऱ्या मंडळींविषयी कोणासही आदर वाटावा असेच हे काम आहे. हा आदर नियम वाचेपर्यंत टिकतो. वाचल्यानंतर त्याचे रूपांतर भयात होते. कारण पानापानावर 'तत्सम' नावाची एक चौकी बसविलेली आहे. शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला असेल तर त्यास एक न्याय, नसेल तर दुसरा. म्हणजे नियम लावण्यापूर्वी शब्दाचे कूळ ठाऊक हवे. सोयरीक जुळविणारा मध्यस्थ ज्या चिकाटीने मुलाच्या आजोळची माहिती काढतो, त्या चिकाटीने उपसंपादकास रात्री नऊ वाजता 'जमीन' कोठून आली आणि तिचे संस्कृताशी काही नाते निघते काय, याचा तपास करावा लागतो. आणि तिकडे सातबाराच्या बातमीसाठी पान अडून राहिलेले असते.

हा न्याय प्रत्यक्षात कसा चालतो ते पाहण्यासारखे आहे. 'गरीब' हा अरबीतून आलेला. तो आपल्या जागी नुसता उभा असतो तोवर त्याची 'री' दीर्घ असते. त्याला काही द्यावयाची वेळ आली की 'गरिबाला' होऊन ती आखडते. 'वकील' कितीही नामांकित असला तरी फी घेताना 'वकिलाला' ह्रस्वच घ्यावी लागते. अस्सल घरच्या 'फुला'मुलांचीही तीच गत आहे. 'शरीर' मात्र संस्कृत घराण्यातले असल्यामुळे 'शरीराला' काहीही झाले तरी आपली दीर्घता सोडीत नाही. या व्यवस्थेमागे कोणाचा वाईट हेतू असेल असे मी म्हणणार नाही. तरी विभक्तीच्या दाराशी कोण वाकून आत शिरतो आणि कोण ताठ मानेने शिरतो हे पाहिले म्हणजे, समाजशास्त्राचे अभ्यासक व्याकरणाकडे का फिरकत नाहीत याचे नवल वाटते.

गावांच्या बाबतीत तर प्रवासाची दिशाही ध्यानात ठेवावी लागते. ग्रामनामाच्या शेवटी येणारे 'पूर' दीर्घ लिहावे असा स्वतंत्र नियम आहे. परिणामी, आमदार हिवाळी अधिवेशनासाठी नागपूरला जावयास निघतात तेव्हा 'पू' दीर्घ असतो. ते नागपुरात पोहोचतात तेव्हा तो ह्रस्व होतो. आणि आठवड्याभराने नागपूरहून परततात तेव्हा पुन्हा दीर्घ होऊन बसतो. अधिवेशनाच्या दिवसांत एकाच बातमीत हे जाणे-येणे पाच-सहा वेळा घडते. विधिमंडळात काय झाले हे वाचकास समजो वा न समजो, उपसंपादकास आमदार त्या क्षणी वेशीच्या आत आहेत की बाहेर, याचा बिनचूक पत्ता असावा लागतो.

अशा वेळी मुख्य उपसंपादकरूपी पुस्तकाचे मोल कळते. रात्रपाळीस बसची दुर्घटना हाती आली असता एका नवागताने दबल्या आवाजात विचारले, "सर, 'मृत्युमुखी'तला 'त्यु' ह्रस्व की दीर्घ?"

सरांनी समोरच्या पानावरून दृष्टी न काढता सांगितले, "मृत्यू एकटा आला तर दीर्घ. कोणाला बरोबर घेऊन आला तर ह्रस्व."

"म्हणजे इथे?"

"इथे मुख घेऊन आलाय ना बाबा? कर ह्रस्व आणि सोड पान."

तत्सम इकारान्त व उकारान्त शब्द मराठीत दीर्घान्त लिहावेत, परंतु समासात ते पूर्वपदी आल्यास मूळचे ह्रस्वत्व कायम ठेवावे, हा नियम याहून स्वच्छ शब्दांत कोणी मांडल्याचे माझ्या पाहण्यात नाही. त्याच न्यायाने कवी एकटा असताना दीर्घ असतो आणि कविसंमेलनात गेला की ह्रस्व होतो. प्रत्यक्ष संमेलनातील श्रोत्यांचा अनुभव याच्या नेमका उलट आहे, हे खरे. पण व्याकरणास श्रोत्यांची साक्ष चालत नाही.

या १८ नियमांतील एक कलम तर असे आहे, की ते वाचून माझ्यासारख्यास नियमकर्त्यांच्या धैर्यापुढे मान लववावीशी वाटते. केशवसुतांच्या पूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचे गद्य छापताना ते मुळाबरहुकूम छापावे. मात्र त्यानंतरचे सर्व लेखन, खुद्द केशवसुत व चिपळूणकर यांच्या लेखनासह, प्रचलित नियमांना अनुसरून छापावे, असा त्याचा आशय आहे. मराठी वाङ्मयाच्या छातीवरून ही जी हद्द आखली गेली, तिच्या पलीकडे ज्ञानेश्वर, तुकाराम, मोरोपंत सुखरूप राहिले आणि अलीकडे चिपळूणकर सापडले. 'निबंधमाला' सुरू झाली १८७४ साली आणि शास्त्रीबुवा वारले १८८२ साली. मराठी भाषेचे शिवाजी म्हणून ज्यांचा गौरव झाला, ज्यांच्या लेखणीपुढे डॉक्टर जॉन्सनखेरीज फारसे कोणी उभे राहण्यास धजत नसे, त्यांच्या 'नांव' आणि 'कांहीं' यांवरचे अनुस्वार आज नोकरीस लागून तीन आठवडे झालेला मुलगा चहा पिता पिता उडवितो, आणि कायदा त्याच्या बाजूचा असतो. केशवसुतांची गोष्ट आणखी नाजूक आहे. ते मूळचे कृष्णाजी केशव दामले. आणि १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा प्रचंड ग्रंथ लिहिणारे मोरो केशव दामले हे त्यांचे सख्खे बंधू. घरातच एवढा वैयाकरण असताना कवीचे शुद्धलेखन तपासण्याचे काम शेवटी परक्यांच्या हाती जावे, हा मराठी कुटुंबव्यवस्थेवरचा एक अभिप्रायच म्हटला पाहिजे.

शासनानेही आपल्या परीने हातभार लावलेला आहे. भाषा संचालनालयाच्या स्थापनेनंतर 'पदनाम कोश' निघाला तेव्हा लोकांनी त्यास 'बदनाम कोश' म्हणून घेतले आणि सरकारी हुद्द्यांच्या नव्या नावांवर यथेच्छ तोंडसुख घेतले. आज 'अधीक्षक', 'लिपिक', 'कार्यकारी अभियंता' हे शब्द लिहिताना कोणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. हसणारी पिढी सेवानिवृत्त झाली आणि तिच्या निवृत्तिवेतनाचे कागद याच शब्दांत तयार झाले. या उदाहरणावरून, नवा शब्द हसण्यासारखा आहे की नाही हे ठरविण्यास निदान तीस वर्षांची मुदत द्यावी, असे माझे मत बनले आहे. उलट बाजूचाही दाखला आहेच. सावरकरांनी सुचविलेली, 'इ'ऐवजी 'अ'लाच वेलांटी देणारी बाराखडी 'किर्लोस्कर' मासिकाने आपल्या पानांवर निष्ठेने छापली. तर्काच्या दृष्टीने ती निर्दोष होती, आणि म्हणूनच की काय, मराठी माणसाने ती आदरपूर्वक बाजूस ठेवली.

आता कोशांकडे यावे. मराठी उपसंपादकाच्या दफ्तरातील पहिला मोठा कोश एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने केलेला आहे, ही गोष्ट आपण फार सहजपणे पचविली आहे. कॅप्टन जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली, म्हणजे त्यांच्या लष्करी बांधवांस दुसरेच उद्योग पडले होते त्या वर्षी. या गृहस्थांनी शब्दांच्या पाठीमागे अशी काही मोहीम उघडली, की आमच्या पंडितांनीही त्यांस 'मोलेसरशास्त्री' करून टाकले. त्यांचे सहकारी मेजर थॉमस कँडी यांच्याकडे मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय जाते. मोडीच्या कागदावर लेखणी न उचलता ओळीमागून ओळ ओढीत नेणाऱ्या आमच्या कारकुनांस मध्येच थांबण्याची सवय एका मेजराने लावावी, यात मला काहीच विसंगत दिसत नाही. 'थांब' म्हटले की थांबणे ही मूळची पलटणीतलीच शिस्त. म्हणून तर आजही अर्धविराम पाहिला की मराठी लेखक दचकतो आणि वळसा घालून निघून जातो.

घरचा कोश पुढे शंभर वर्षांनी झाला. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे प्रभृतींनी संपादिलेला 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात पुण्यातून सात विभागांत बाहेर पडला. हा कोश शब्दाचा अर्थ सांगून थांबत नाही. तो शब्द कोणत्या बखरीत होता, कोणत्या जातीच्या बोलीत आहे, गोव्याकडे त्याचे काय होते, आणि त्याच्यावरून कोणकोणत्या म्हणी निघाल्या, याची साग्रसंगीत हकीकत देतो. येथेच नवशिक्याचा घात होतो. एक वेलांटी पाहण्यासाठी तो विभाग उघडतो आणि अर्ध्या तासाने त्यास भान येते तेव्हा तो नांगराच्या अवयवांच्या नावांत गुंतलेला असतो, शेजारचा दूरध्वनी वाजत असतो, आणि मूळ शब्द कोणता होता हे त्यास आठवत नाही. मुख्य उपसंपादकांनी हे सात विभाग कुलुपात का ठेविले होते, याचा उलगडा मला बऱ्याच उशिरा झाला. ग्रंथ चोरीस जाऊ नयेत हे कारण वरवरचे होते. माणसे जाऊ नयेत हे खरे.

आता कुलुपाचा उपयोग राहिलेला नाही. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाने महाजालावर कोणासही पाहता येतील असे ठेवले आहेत. तेच ते विद्यापीठ, ज्याने स्वल्पविरामावर हजार पाने लिहविली. त्यामुळे सदाशिव पेठेत सिद्ध झालेल्या विद्वत्तेचा लाभ सदाशिव पेठेतच बसून घ्यावयाचा तर उपसंपादक आज शिकागोमार्गे जातो. अंतर लांबचे आहे, पण वाटेत कोठे पायऱ्या नाहीत, ग्रंथपाल जेवावयास गेलेला नसतो, आणि दुपारी एक ते चार ही वेळही आडवी येत नाही.

कोश छापील असला तर त्यात शब्द सापडण्यापूर्वी वर्णक्रम सापडावा लागतो. 'क्ष' हा 'क'च्या पोटात पाहावयाचा की 'ह', 'ळ' होऊन गेल्यावर शेपटाकडे, 'ज्ञ'चे बिऱ्हाड कोणत्या मजल्यावर आहे, अनुस्वाराचे शब्द आधी की नंतर, याविषयी कोशकारांत एकवाक्यता नाही. शाळेत तोंडपाठ केलेली मुळाक्षरे आयुष्यात पुन्हा कधी उपयोगी पडतील असे ज्यांस वाटले नव्हते, ते पदवीधर कोश हाती घेऊन ओठांतल्या ओठांत 'त थ द ध न' पुटपुटताना दिसतात. हे दृश्य मी मोठमोठ्या अग्रलेखकांच्या बाबतीतही पाहिले आहे आणि त्यानंतर त्यांच्या अग्रलेखांची मला पूर्वीइतकी धास्ती राहिली नाही.

म्हणून नव्या मंडळींनी हाताशी बाळगावयाची पुस्तके आटोपशीर असावीत. अरुण फडके यांचे 'शुद्धलेखन ठेवा खिशात' हे पुस्तक नावाप्रमाणे खरोखरच खिशात मावते, आणि त्यांचा 'मराठी लेखन-कोश' टेबलावर. यास्मिन शेख यांची 'मराठी लेखन मार्गदर्शिका' आणि 'मराठी शब्दलेखनकोश' ही दुसरी जोडी. शेखबाई 'अंतर्नाद' मासिकाच्या व्याकरण-सल्लागार होत्या आणि त्यांचे नाव त्या हुद्द्यासह मासिकात छापले जाई. व्याकरणाचा सल्ला घेतो असे उघडपणे कबूल करणारी नियतकालिके आपल्याकडे इतकी थोडी आहेत, की ते नाव पाहिले की बरे वाटे. मो. रा. वाळंबे यांचे 'सुगम मराठी व्याकरण-लेखन' तर घराघरांत आहे. पण त्याचे कारण भाषाप्रेम नव्हे. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या दुकानी जाऊन ते मागावे, म्हणजे विक्रेता पुस्तक काढता काढता विचारतो, "राज्यसेवा का कम्बाइन?" आपण वृत्तपत्रात आहोत आणि कामासाठी व्याकरण हवे आहे असे सांगितल्यास तो क्षणभर थांबतो, आपल्याकडे निरखून पाहतो आणि दहा टक्के अधिक सूट देतो.

एवढी सामग्री जमल्यावर चुका थांबाव्यात. पण त्या थांबत नाहीत. माझ्या मते याचे कारण पुस्तकांत नाही, ती उघडण्याच्या वेळेत आहे. मनुष्य कोश उघडतो तो ज्या शब्दाविषयी शंका आहे त्यासाठी. 'निर्भर्त्सना' हा शब्द आला की अख्खे संपादकीय दालन सावध होते, चार जण चार ठिकाणी पाहतात, आणि तो शब्द वर्षानुवर्षे निर्दोष छापला जातो. त्याच ओळीतील 'महत्व' एका 'त'वाचून उपाशी निघून जाते, 'तज्ञ' आपला एक 'ज' कचेरीत ठेवून घरी जातो, 'पारंपारिक' फुकटचा काना मिरवितो, आणि 'अद्ययावत'मधला 'य' कोणी खाल्ला याची कोणी विचारपूसही करीत नाही. कारण हे शब्द आपल्याला येतात अशी प्रत्येकाची खात्री असते. कोशात सगळे शब्द असतात, पण यांतला कोणता शब्द तुला चुकीचा ठाऊक आहे, हे सांगणारी खूण त्यात नसते. ती खूण करणारा मुख्य उपसंपादक मिळाला तर मिळाला. एकदा 'कोट्यावधी' मधला काना त्यांनी खोडला असता, निधी मंजूर करून आणणाऱ्या लोकप्रतिनिधींच्या सहायकाने दुसऱ्या दिवशी दूरध्वनी करून, "साहेबांचा आकडा का कमी केला?" अशी पृच्छा केली. 'कोट्यवधी'त रक्कम तेवढीच राहते, हे पटविण्यात त्या दिवशीचा चहाचा वेळ गेला.

संगणकाने ही अडचण दूर करावी अशी अपेक्षा होती. त्याने तिचे रूप बदलले. जुन्या टंकातून युनिकोडमध्ये मजकूर आणताना रफार आपले घर सोडून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि 'कार्यकर्ते' ओळखू येत नाहीत. शब्दतपासनीस म्हणून जी सोय असते ती निम्म्या मराठीखाली लाल रेघ ओढते. आणि सगळेच लाल झाले म्हणजे काहीच लाल नाही, या न्यायाने उपसंपादक ती बंद करून टाकतो. मग तो शोधयंत्राकडे वळतो. तेथे दोन्ही रूपे टाकून ज्या बाजूस अधिक निकाल दिसतील ते शुद्ध, असा कौल लावतो. लोकशाहीवर माझी श्रद्धा आहे. परंतु 'आशिर्वाद' देणारे बहुसंख्य आहेत म्हणून 'आशीर्वादा'ने माघार घ्यावी, इतकी नाही.

खरे पाहता वृत्तपत्राच्या कचेरीत सर्वांत अधिक हाताळला जाणारा संदर्भग्रंथ यांपैकी कोणताच नव्हे. तो खिळ्यास टांगलेला असतो. १९७३ पासून निघणारे 'कालनिर्णय' आणि त्याच्या शेजारी सोलापूरच्या दात्यांचे पंचांग यांवाचून मराठी दैनिकाचा एक दिवस निघत नाही. चतुर्थी अंगारकी आहे काय, चंद्रोदय किती वाजता, अधिक मास कोणता, उद्याची सुटी बँकेची की शाळेची, हे सारे तेथे पाहावयाचे. नव्या मुलास "जा, दात्यांमध्ये बघून ये" म्हटले असता तो सात विभागांकडे धावला आणि एकादशी शोधीत बसला, हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्यास एकादशीचा अर्थ, तिच्यावरच्या म्हणी आणि वाक्प्रचार सगळे मिळाले. तारीख तेवढी मिळाली नाही.

एका बाबतीत मात्र कोणतेच साधन चालत नाही. पैसे देऊन आलेल्या जाहिरातीच्या मजकुरास हात लावावयाचा नाही, ही सर्व कचेऱ्यांची वहिवाट आहे. आणि व्यक्ती आपले नाव जसे लिहिते तसेच छापावयाचे, ही दुसरी. त्यामुळे व्याकरण काहीही म्हणो, 'सुनिल' हा 'सुनिल'च राहतो. याच आश्रयाखाली 'भावपुर्ण श्रध्दांजली' रोज आठव्या पानावर बिनदिक्कत वावरते. 'द'ला 'ध' जोडावयाचा की 'ध'ला 'द', यावर अर्धा महाराष्ट्र अडलेला आहे. ज्यास ती वाहिलेली असते त्याच्याकडून तक्रार आल्याचे उदाहरण नाही, म्हणून हा विषय कोणी निकडीचा मानीत नाही.

मला सल्ला विचारणाऱ्यांस मी एवढेच सांगतो. पहिल्या पगारात खिशातले पुस्तक घ्यावे आणि ते खरोखर खिशात ठेवावे, कपाटात नव्हे. दुसऱ्या पगारात लेखन-कोश घ्यावा. मोल्सवर्थ विकत घेण्याची घाई करू नये; तो फुकट पाहावयास मिळतो, आणि तसाही तो शंका फेडण्यापेक्षा वाचीत बसण्याचा ग्रंथ आहे. दाते-कर्वे यांचा संच रद्दीवाल्याकडे किंवा जुन्या बाजारात दिसला तर घासाघीस करू नये, मागेल ती किंमत द्यावी. फक्त पैसे देण्यापूर्वी विभाग मोजून घ्यावेत. सात सांगतात आणि पुष्कळदा सहाच निघतात.